अमेरिकेत प्री-हेल्थचे कोर्स कसे लावावेत : एपी, ऑरगॅनिक आणि एमकॅटचं वेळापत्रक

एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे आणि ऑगस्ट २०२६ मध्ये राज्य विद्यापीठात जाणार आहे. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा : बायॉलॉजी, कॅल्क्युलस एबी आणि सायकॉलॉजीत पाचपैकी ५, केमिस्ट्रीत ४. डॉक्टर व्हायचं बहुतेक ठरलं आहे, पण डेंटल आणि फिजिशियन असिस्टंट (पीए) हे पर्यायही तिने सोडलेले नाहीत. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बायॉलॉजीच घ्यायचा का, एपीचे क्रेडिट वापरून तीन वर्षांत पदवी उरकावी का, आणि कोणता कोर्स कधी घ्यावा?

तीन वर्षांत उरकू नका. कारण कॅलेंडरमध्ये आहे, म्हणून आधी कॅलेंडर पाहू.

एमडी ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी. तिच्यासाठीचा सामायिक अर्ज, म्हणजे एएमकॅस, दरवर्षी मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सादर करता येतो. त्या अर्जावर प्रवेश मिळतो तो पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टचा. म्हणजे वर्गात बसण्याच्या सव्वा वर्ष आधी सगळं तयार लागतं. मे २०३० मध्ये पदवी आणि लगेच मेडिकल स्कूल असं ठरवलं, तर अर्ज जून २०२९ मध्ये जातो. त्यात पहिल्या तीन वर्षांच्या ग्रेड दिसतात, चौथ्या वर्षाच्या नाहीत. एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा त्याच वर्षी एप्रिल-मेपर्यंत व्हायला हवी, कारण निकालाला साधारण महिना लागतो. आता पदवी तीन वर्षांत संपवायची म्हटली की अर्ज जून २०२८ मध्ये येतो. हातात फक्त दोन वर्षांच्या ग्रेड, बायोकेमिस्ट्री झालेली नाही, रुग्णांजवळ काढलेले तास जेमतेम, आणि ओळखीचे प्राध्यापक एखाद-दुसरेच. वाचलेलं वर्ष असा अर्ज फेटाळला गेला की परत जातं, शिवाय दुसऱ्यांदा अर्ज करणारी म्हणून जावं लागतं.

उलट चार वर्षं पूर्ण करून जून २०३० मध्ये अर्ज केला तर चारही वर्षांच्या ग्रेड अर्जात येतात. मधल्या वर्षाला गॅप इयर म्हणतात. आपल्याकडच्या पालकांना ते वाया गेलेलं वर्ष वाटतं, पण आज एमडीला जाणाऱ्या मुलांत पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून गेलेली मुलं भरपूर असतात. हा निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जीपीए, म्हणजे ४.० पैकी ग्रेडची सरासरी, बघून घ्यावा.

आता कोर्स. मेडिकल स्कूलला लागणारा गाभा असा : जनरल केमिस्ट्री, बायॉलॉजी, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष, लॅबसह. बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर. इंग्रजी किंवा लेखनप्रधान कोर्स वर्षभराचे. स्टॅटिस्टिक्स एक सेमिस्टर, आणि काही ठिकाणी कॅल्क्युलस. सायकॉलॉजी आणि सोशियॉलॉजी बहुतेक मेडिकल स्कूलना अनिवार्य नसले तरी एमकॅटसाठी हवेतच. प्रत्येक शाळेची नेमकी अट एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या ऑनलाइन सूचीत मिळते. तिला वार्षिक वर्गणी आहे, पण ती पहिल्या वर्षी भरायची गरज नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आपल्या राज्यातल्या सगळ्या शाळा आणि बाहेरच्या दहा-बारा शाळा एकदा नीट तपासल्या की पुरे. फिजिक्स बीजगणितावर आधारित चालतं. कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स इंजिनीअरिंग किंवा फिजिक्स मेजरवाल्यांनी घ्यावं, इतरांनी हौसेखातर जीपीए पणाला लावू नये. तुमचं विद्यापीठ सेमिस्टर पद्धतीचं असेल, पण नंतर क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठात बदली झाली तर लक्षात ठेवा : तिथे एक वर्ष म्हणजे तीन क्वार्टर. ऑरगॅनिकची दोनच क्वार्टर करून थांबलेल्या मुलांची अट अपुरी राहते.

एमकॅटचा आराखडा पाहिला की कोर्सचा क्रम आपोआप ठरतो. २०१५ पासून परीक्षेचे चार भाग आहेत, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. रसायन-भौतिक भागात जनरल केमिस्ट्री सुमारे ३० टक्के, बायोकेमिस्ट्री २५, फिजिक्स २५, ऑरगॅनिक १५ आणि बायॉलॉजी ५. जीवशास्त्राच्या भागात प्राथमिक बायॉलॉजी ६५ टक्के, बायोकेमिस्ट्री २५, आणि जनरल व ऑरगॅनिक केमिस्ट्री प्रत्येकी ५. तिसऱ्या भागात सायकॉलॉजी ६५, सोशियॉलॉजी ३० आणि बायॉलॉजी ५. चौथा भाग निव्वळ उताऱ्यांचा, त्याला अभ्यासक्रमच नाही. म्हणजे एका सेमिस्टरची बायोकेमिस्ट्री दोन भागांत प्रत्येकी पाव हिस्सा व्यापते, तर जिचा सगळे धसका घेतात ती ऑरगॅनिक त्या मानाने थोडीच येते. म्हणून बायोकेमिस्ट्री एमकॅटच्या आधीच्या सेमिस्टरला पूर्ण झालेली असावी. “नंतर करू” म्हणून मागे ठेवलेला कोर्स बहुतेक वेळा हाच असतो आणि तो पुस्तकावरून स्वतः उरकणं महागात पडतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा केमिस्ट्री-फिजिक्सची उदाहरणं पहिल्या वर्षापासून लॉगरिदम आणि घातांक हाताने करून सोडवायची सवय लावावी.

तुमच्या मुलीसाठी क्रम मी असा लावेन. पहिलं सेमिस्टर : जनरल केमिस्ट्री एक लॅबसह, बायॉलॉजी एक लॅबसह, लेखनाचा कोर्स आणि एक मानव्यविद्येचा, मिळून १४-१५ क्रेडिट. दुसरं सेमिस्टर : केमिस्ट्री दोन, बायॉलॉजी दोन, स्टॅटिस्टिक्स, आणि सायकॉलॉजीचा वरचा एक कोर्स. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि फिजिक्स, दोन्ही वर्षभर, सोबत इंग्रजीचा दुसरा कोर्स आणि एखादा मेजरचा. तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये (ऑगस्ट-डिसेंबरचं सेमिस्टर) बायोकेमिस्ट्री, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि सोशियॉलॉजी. स्प्रिंगमध्ये (जानेवारी-मे) ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन आणि बाकी हलकं, एकूण १२-१३ क्रेडिट, कारण याच महिन्यांत एमकॅटचा अभ्यास होतो. आठवड्याला २०-२५ तास, तीन-साडेतीन महिने, हा हिशोब धरावा. पूर्णवेळ विद्यार्थी राहायला १२ क्रेडिट लागतात, त्याखाली जाऊ नये. मायक्रोबायॉलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी हे मधल्या जागांत किंवा चौथ्या वर्षी बसतात.

पहिली दोन वर्षं एका सेमिस्टरला दोनच लॅब-सायन्स. कागदावर लॅबचं एक क्रेडिट दिसतं, प्रत्यक्षात आठवड्याला तीन-चार तास उभं राहणं आणि त्यावर अहवाल लिहिणं असतं. तीन लॅब एकत्र घेतल्या की ग्रेड घसरते ती बहुतेक वेळा त्या तिघांत सर्वात महत्त्वाच्या कोर्सची, कारण त्याच्या सरावाचा वेळ इतर दोघांचे अहवाल खाऊन टाकतात.

ऑरगॅनिकबद्दल थोडं सविस्तर, कारण प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणारी, मुलं तिथेच अडखळतात. हा विषय पाठांतराने होत नाही आणि निव्वळ वाचूनही होत नाही. वही उघडून उत्तराची पाने वाचली की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत कोऱ्या कागदावर इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा पहिला बाण कुठून कुठे काढायचा हेच सुचत नाही. सराव असा करावा : प्रश्न बघायचा, उत्तर झाकायचं, कोऱ्या कागदावर इलेक्ट्रॉन जास्त कुठे आणि कमी कुठे ते आधी खुणवायचं, मग बाण काढायचे, मग प्रत्येक टप्प्याला विद्युतभार तपासायचा, आणि त्यानंतरच उत्तर उघडायचं. चुकलेला प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर. रोज दीड तास असं बसलेलं मूल शनिवार-रविवारी दहा तास बसणाऱ्यापेक्षा पुढे राहतं. आणखी एक गोष्ट : ऑरगॅनिक अडते तेव्हा मूळ दुखणं अनेकदा जनरल केमिस्ट्रीतल्या आम्ल-अल्कली आणि समतोल या दोन प्रकरणांत असतं. पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा) म्हणजे काय हे पक्कं नसेल तर कोणता प्रोटॉन आधी निघेल ते कळत नाही, आणि पुढची अर्धी अभिक्रिया त्यावरच अवलंबून असते. म्हणून एपी केमिस्ट्रीत ४ असले तरी ते क्रेडिट वापरून थेट ऑरगॅनिकमध्ये जाऊ नये.

एपीचा बाकीचा हिशोब. मेडिकल स्कूल एपीकडे तीन तऱ्हांनी बघतात : काही ते मान्य करतात, पण विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) विषयाच्या नावासह क्रेडिट दिसलं पाहिजे, काही त्या बदल्यात त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात, काही मान्यच करत नाहीत. पीए प्रोग्रॅममध्ये एपी न चालण्याचं प्रमाण जास्त आहे, डेंटलमध्येही शाळेगणिक फरक पडतो. तिने तिन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत, म्हणून बायॉलॉजी विद्यापीठातच करावी. कॅल्क्युलसचं क्रेडिट बेलाशक वापरा आणि मोकळ्या जागेत स्टॅटिस्टिक्स घ्या. सायकॉलॉजीचं वापरा आणि पुढचा डेव्हलपमेंटल किंवा ॲबनॉर्मल सायकॉलॉजी घ्या. ग्रेड मिळालेला सायकॉलॉजीचा कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर येतो आणि पीएच्या सायकॉलॉजीबाबतच्या बहुतेक अटीही भागतात. एपीला ग्रेड नसते, त्यामुळे जीपीएत त्याची भर शून्य. एपीचा खरा उपयोग पदवी लवकर संपवण्याचा नाही, सेमिस्टर हलकं करण्याचा आहे. वरच्या आराखड्यात दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि फिजिक्स एकत्र बसतात ते कॅल्क्युलसची जागा मोकळी झाली म्हणूनच. एक सावधगिरी : एपीचं क्रेडिट घेतल्यावर तोच कोर्स पुन्हा केला तर अनेक विद्यापीठं एपीचं क्रेडिट काढून घेतात. म्हणून केमिस्ट्री आणि बायॉलॉजीचा निर्णय ओरिएंटेशनच्या आधी ॲडव्हायझरशी लेखी बोलून पक्का करा.

जीपीएचं गणित पालकांनी एकदा स्वतः मांडून बघावं. अलीकडच्या वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास आहे. समजा दोन वर्षांत ६० क्रेडिट झाले आणि जीपीए ३.२ आहे. ६० गुणिले ३.२, म्हणजे १९२ गुण. पुढच्या साठही क्रेडिटना ४.० मिळाले तरी १९२ अधिक २४०, भागिले १२०, म्हणजे ३.६. ३.७ हवा असेल तर उरलेल्या दोन वर्षांत ४.२ लागेल, जो अस्तित्वातच नाही. म्हणून पहिल्या दोन सेमिस्टरचं ओझं कमी ठेवण्याबद्दल इतका आग्रह. घसरून मग चढत जाणारा आलेख प्रवेश समितीला आवडतो हे खरं आहे, पण मुळात घसरण न झालेली बरी.

पुन्हा दिलेल्या कोर्सबद्दल मोठा गैरसमज आहे. विद्यापीठ जुनी ग्रेड पुसून नवी धरत असेल, पण एएमकॅस दोन्ही धरतं. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिकमध्ये सी (२.०) आणि नंतर ए (४.०), याची सरासरी आठ क्रेडिटवर ३.० होते. डीओ शाळांचा (ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूल, तिथूनही डॉक्टर होता येतं) अर्ज, आकोमास, पूर्वी नवी ग्रेडच धरत असे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. म्हणून सी आली तर पुन्हा देण्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीत ए आणणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. सी-मायनस किंवा त्याखाली आली तर मात्र अट पूर्ण होत नाही, तेव्हा पुन्हा द्यावाच लागतो. सहामाहीच्या मध्यावर कोर्स हातातून जातोय असं दिसलं तर मुदतीत विथड्रॉ करणं, म्हणजे कोर्स सोडणं, हा मार्ग आहे. ट्रान्स्क्रिप्टवर विथड्रॉची एक डब्ल्यू आली तर कोणी विचारत नाही. दरवर्षी एक दिसू लागली की विचारतात. विथड्रॉची शेवटची तारीख सेमिस्टरच्या पहिल्या दिवशीच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण मुलं ती चुकवतात आणि मग सी-मायनस पदरात पडते.

विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतात. एएमकॅसमध्ये त्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित येतं. स्टॅटिस्टिक्स गणितात, बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीत, न्यूरोसायन्स बायॉलॉजीत मोजलं जातं. सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंग यात येत नाहीत. आकोमासच्या विज्ञान जीपीएत गणित नसतं. टेक्ससच्या टीएमडीएसएएस या वेगळ्या अर्जात प्लस-मायनसचा फरक धरत नाहीत, त्यामुळे तिथे ए-मायनसही ४.० होते, पण टेक्ससच्या सरकारी शाळांत किमान ९० टक्के जागा तिथल्या रहिवाशांना असतात, न्यू जर्सीच्या मुलीने त्यावर फार भिस्त ठेवू नये.

यातूनच मेजरचं उत्तर निघतं. प्री-मेड हा मेजर नसतो, ती कोर्सची यादी असते. बायॉलॉजी मेजर घेतला तर अटींचे बरेच कोर्स पदवीतच येतात, म्हणून बहुसंख्य तो घेतात. प्रवेशात त्याला वेगळे गुण नाहीत. जिथे मन लागतं आणि ग्रेड चांगल्या येतात तो मेजर घ्यावा, मग तो इतिहास असो की स्पॅनिश. आपल्या घरांतून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा आग्रह बराच दिसतो, “मेडिकल नाही झालं तर नोकरी तरी मिळेल” म्हणून. मुलीला इंजिनीअरिंग मनापासून आवडत असेल तर उत्तम. नुसता विमा म्हणून घेऊ नये : क्रेडिट जास्त लागतात, मोकळे कोर्स राहत नाहीत, ग्रेड कडक असतात, आणि इंजिनीअरिंगच्या कोर्समधली मेहनत विज्ञानाच्या जीपीएत मोजलीही जात नाही.

डेंटल आणि पीएसाठी फाटा कुठे फुटतो ते पाहू. डेंटलचा गाभा जवळपास तोच आहे. डीएटी या डेंटलच्या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स नसतं, पण बहुतेक डेंटल शाळा फिजिक्स मागतात, म्हणून ते गाळू नका. परीक्षेत आकृती ओळखण्याचा वेगळा भाग असतो, कागदाच्या घड्या, कोन, घनाकृती. तो कॉलेजात कुठेच शिकवत नाहीत, त्याला दोन-अडीच महिने रोजचा सराव लागतो. मायक्रोबायॉलॉजी आणि ॲनाटॉमी बऱ्याच शाळांना हव्या असतात.

पीएचं तंत्र मात्र वेगळं आहे. तिथे लॅबसह ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी जवळजवळ सगळीकडे लागतात, ऑरगॅनिक अनेक ठिकाणी एकच सेमिस्टर पुरते आणि फिजिक्स क्वचितच. काही प्रोग्रॅम पाच-दहा वर्षांपेक्षा जुने कोर्स धरत नाहीत. सगळ्यात मोठी अट म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास, अनेक ठिकाणी हजार आणि त्याहून जास्त. डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं यात मोजत नाहीत. सीएनए (प्रमाणित नर्सिंग सहाय्यक), ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा तातडीच्या सेवेचा कर्मचारी) किंवा मेडिकल असिस्टंटचं काम मोजतात. म्हणून पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सीएनए किंवा ईएमटीचं प्रशिक्षण घ्यावं. पीए केलं नाही तरी ते तास एमडीच्या अर्जात उपयोगी पडतात. कॅस्पा हा पीएचा अर्ज एप्रिलअखेर उघडतो, आणि अनेक प्रोग्रॅम जसे अर्ज येतात तसे मुलाखतीला बोलावतात.

फार्मसीची पीसीएटी प्रवेशपरीक्षा २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, तिथे दोन-तीन वर्षांचे पूर्वकोर्स असले की फार्मडी या पदवीला जाता येतं. ऑप्टोमेट्रीच्या (नेत्रतपासणी) ओएटी या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स आहे. फिजिकल थेरपीला फिजिक्स आणि ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, ऑक्युपेशनल थेरपीला फिजिक्सऐवजी सायकॉलॉजीचे जास्त कोर्स. वरच्या आराखड्यातून या कुठल्याही वाटेवर दोन-तीन कोर्सच्या फरकाने वळता येतं.

कम्युनिटी कॉलेजबद्दलही विचारणा असते. स्टॅटिस्टिक्स, सोशियॉलॉजी, इंग्रजी उन्हाळ्यात तिथे करायला हरकत नाही. ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री आपल्या विद्यापीठातच कराव्यात. तिथली ग्रेड घरच्या विद्यापीठाच्या जीपीएत येत नसली तरी एएमकॅसमध्ये येते, आणि ज्या कॉलेजात एकच कोर्स केला त्याचीही अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट पाठवावी लागते. हायस्कूलमध्ये ड्युअल एनरोलमेंटने, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजात नाव नोंदवून, केलेला कोर्सही यातच मोडतो. जूनमध्ये पडताळणीच्या रांगेत एका विसरलेल्या ट्रान्स्क्रिप्टपायी अर्ज काही आठवडे अडकतो.

शिफारसपत्रं बहुधा दोन विज्ञानाच्या आणि एक इतर विषयाच्या प्राध्यापकाचं लागतं. तीनशेच्या वर्गात प्राध्यापकाला नाव माहीत नसतं. ऑरगॅनिकपासून दर आठवड्याला ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळी) जावं, आणि पत्र कोर्स संपल्यावर त्याच महिन्यात मागावं, दोन वर्षांनी नाही. विद्यापीठात प्री-हेल्थ समिती असेल तर तिच्या पत्रासाठीची नोंदणी तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच सुरू होते.

शेवटी व्हिसाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण एच-१बीवरच्या कुटुंबाला तो कोर्सइतकाच महत्त्वाचा. मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल तर २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, साधारण अर्जाच्या हंगामातच, आणि तिला एफ-१ (विद्यार्थी) सारख्या दुसऱ्या व्हिसावर जावं लागतं. अनेक मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना घेतात. ज्या परदेशी विद्यार्थ्यांना घेतात त्यांतल्या काही फीची रक्कम आगाऊ दाखवायला सांगतात. प्रत्येक शाळेचं धोरण एमएसएआरमध्ये दिलेलं असतं. अशा मुलीने शाळांची यादी पहिल्या वर्षीच त्या गाळणीतून काढावी. आणि पुण्या-मुंबईतून बीएस्सी करून इकडे येऊ पाहणाऱ्या नातेवाइकांनी विचारलं तर सांगा की एएमकॅस भारतातल्या गुणपत्रिका पडताळत नाही, अमेरिकी किंवा कॅनडियन कॉलेजातले कोर्स लागतातच, आणि अनेक ठिकाणी पदवीच तिथली लागते.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पहिल्या आठवड्यात पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात सेमिस्टर, कोर्स क्रमांक आणि क्रेडिटसह. लॅब वेगळी होती की जोडलेली, कोर्स कोणत्या विभागाचा, त्यात ह्यूमन फिजिऑलॉजी किती टक्के होती, हे प्रश्न शाळा तीन वर्षांनी विचारतात, आणि तोवर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तो सिलॅबस गेलेला असतो.